वैशाखातले भरलेले डबे

आमच्या आईचं वर्ष मे महिन्याच्या अखेरीस सुरू व्हायचं. भिंतीवरचं कॅलेंडर जानेवारीत बदलायचं, शाळा जूनमध्ये भरायची, गुढी चैत्रात उभी राहायची. पण यातल्या कशाचाच आमच्या पोटाशी संबंध नव्हता. पोटाचं वर्ष म्हणजे या आगोटीपासून पुढच्या आगोटीपर्यंत. पावसाळा लागायच्या आधी घरात जे जे भरून ठेवायचं त्याला आमच्याकडे आगोट म्हणतात. तांदूळ, डाळ, सुके बोंबील, जवळा, मीठ, चिंच, मिरच्या, कांद्याच्या माळा. शेजारपाजारच्या बायका आगोट भरायच्या ती पावसाळ्याच्या चार महिन्यांची. आई भरायची ती बारा महिन्यांची. "वानी रोज थोडाथोडा कापतो," ती म्हणायची, "त्यापेक्षा वरसातून एकदा काय तो कापू दे." आणि एकदा का कापून घेतलं, की पुढे वर्षभर त्या वाण्याच्या दुकानावरून ती अशा तोऱ्यात जायची की वाणीच बिचारा मान खाली घालून वजनं पुसत बसायचा.

आम्ही तेव्हा सरावलीला राहत होतो. कारखान्यात जाणाऱ्या लोकांसाठी बांधलेल्या एका ओळीतल्या खोल्या, त्यातली शेवटची आमची. पुढची खोली बसायची, मागची स्वयंपाकाची, आणि मध्ये एक दार, ज्याला आई दार म्हणायची आणि आम्ही पडदा म्हणायचो, कारण तो पडदाच होता. वडील मूळचे चिंचणीचे. होडीवाल्यांच्या घरात जन्मलेले, आणि होडीत पाय ठेवला की ओकणारे. आजोबांनी दोन-तीन हंगाम वाट पाहिली. शेवटी म्हणाले, "आमी समुद्रातून मासे काढतो नि हा त्यांना जेवायला घालतो. याला बोईसरला धाडा." तेव्हा तारापूरच्या बाजूला नवे नवे कारखाने येत होते. वडील एका औषधाच्या कारखान्यात लागले, आणि जमिनीवर उभं राहून पगार मिळतो याचं नवल त्यांना निवृत्त होईपर्यंत वाटत राहिलं.

त्या कारखान्याने आमच्या घराला एक मोठी देणगी दिली, ती म्हणजे पुठ्ठ्याचे गोल ड्रम. औषधाची पावडर येणारे ते जाड पुठ्ठ्याचे ड्रम रिकामे झाले की कामगारांना स्वस्तात मिळायचे. वरती पत्र्याचं झाकण आणि ते आवळायला लोखंडी कडी. सरावलीत ज्याच्या घरी जसा कारखाना तसे त्याच्या घरी ड्रम. आमच्या पलीकडच्या खोलीतल्या भाभी गोरखपूरकडच्या. त्यांचे यजमान रंगाच्या कारखान्यात. त्यांनी एकदा त्या ड्रममध्ये गव्हाचं पीठ भरलं आणि आठवडाभर त्यांच्या घरच्या रोट्या पिवळ्याधमक निघाल्या. भाभींनी सगळ्यांना सांगितलं की मक्याच्या आहेत. आमचे चार ड्रम मात्र स्वच्छ. त्यात वर्षाचे तांदूळ, वरून कडुनिंबाचा पाला. सकाळी आणि संध्याकाळी कडी उघडल्याचा 'खट्ट' असा आवाज व्हायचा, मग पातेल्यात तांदूळ पडल्याचा सर्र आवाज, मग पुन्हा खट्ट. ओळीतल्या बायका त्यावरून घड्याळ लावायच्या.

पैसे किती होते ते मी सांगणार नाही, कारण मलाच ठाऊक नाही. महिन्याचा पगार भाड्यात, रॉकेलात, आमच्या शाळेत जायचा, आणि दिवाळीचा बोनस आई न मोडता मेपर्यंत सांभाळायची, इतकंच मला माहीत. आईने पैशांच्या भाषेत कधी बोलून दाखवलं नाही. ती मुठीच्या भाषेत बोलायची. वडलांच्या इतक्या मुठी, सुमनच्या इतक्या, माझ्या इतक्या. मूठ तिचीच चालायची, दुसऱ्या कुणाची नाही. माझी थोरली बहीण सुमन एकदा तांदूळ काढायला बसली तर आईने तिचा हात धरला. "तुझी मूठ उधळी हाय," म्हणाली. सुमनने हात उघडून बघितला, जणू त्याच्यावर तसं लिहिलेलं असावं. मी आठवीत असताना दिवाळीनंतर एकदम उंच झाले आणि मला सारखी भूक लागायला लागली. आईने वडलांकडे तक्रार केली. "वरसाच्या मधी उंच व्हायला हिला कोनी सांगितलं? आगोटीला झाली असती तर धरलं असतं." त्या वर्षी माझी वाढ आईने चिंचणीहून आणलेल्या रताळ्यांवर निभावली.

उपास, आजारपण, शाळेतलं गॅदरिंग, वडलांची रात्रपाळी, सगळं या हिशेबात आधीच बसलेलं असायचं. सुक्या बोंबलाचं डोकं आमटीला, पोट वडलांना, शेपटी भाजून चटणीला. आज मी हे सांगते तेव्हा माझी नात तोंड वाकडं करते. पण चुलीवर बोंबील भाजल्याचा तो वास आला की रात्रपाळी करून आलेले वडील झोपेतून उठून बसायचे, ते कुठल्याही घड्याळाच्या गजराने उठले नसते. आणि या सगळ्या कसबाचा कळस म्हणजे वर्षाचा शेवट. नवी आगोट यायच्या आदल्या दिवशी आमच्या घरातला एकूण एक डबा रिकामा व्हायचा. उरायचं नाही आणि कमीही पडायचं नाही. आई चारी ड्रम पालथे घालून बुडावर थाप मारायची आणि ढोलकीसारखा आवाज आला की तिच्या तोंडावर जे समाधान दिसायचं ते मी पुढे फक्त परीक्षेत पहिल्या आलेल्या मुलांच्या तोंडावर पाहिलं.

सरावलीत अर्थात या कसबाला दुसरी नावं होती. चिकट, चिंगूस, चामट. भाभी तोंडावरच सांगायच्या, "दीदी, आप तो पानी भी गिन के उबालती हो." आई हसायची. लोकांच्या बोलण्याने डबे भरत नाहीत आणि रिकामेही होत नाहीत, हे तिचं मत. पण सुमनचं लग्न काढलं तेव्हा या नावांनी चांगलाच इंगा दाखवला. दोन स्थळं आली आणि बाहेरच्या बाहेर परतली. एकाने तर निरोपच पाठवला की ज्या घरात जावयाला दुसऱ्यांदा आमटी मिळायची मारामार, तिथे कोण सोयरीक करणार. सुमनला त्या दोघांचं काही वाटलं नाही. तिसऱ्याचं मात्र वाटणार होतं, कारण तिसरा रमेश होता.

रमेश कोळगावचा. आमच्यातलाच, पण त्याच्या आजोबांच्या काळापासून त्यांनी समुद्र सोडून भातशेती धरलेली. आज कोळगावला जिल्ह्याच्या मोठाल्या इमारती उभ्या आहेत आणि गाड्या लावायला जागा मिळत नाही. तेव्हा तिथे भाताची खाचरं होती आणि गाडी आली तर पोरं मागे धावायची. सुमन ज्या शेडमध्ये गोळ्यांची पाकिटं भरायला जायची, तिथेच हा मशीनवर होता. दोघं एकमेकांशी बोलत होती की नाही हे मला सुमनने कधी सांगितलं नाही, पण त्या काळात ती रोज सकाळी वेणी दोनदा घालायची. रमेशनेच घरी विषय काढला. त्याच्या आईने चौकशी केली, आणि आमची चिंचणीची आत्या मध्यस्थ झाली. ठरलं असं, की रविवारी रमेश, त्याचे वडील आणि आई बघायला येतील. सुमनने मला मोरीपाशी गाठून सांगितलं, "नलू, हे मोडलं ना, तर मी पुन्हा कुणापुढे ट्रे घेऊन जाणार नाही. आयुष्यात नाही." सुमन धमक्या देणाऱ्यांतली नव्हती. म्हणून मला भीती वाटली.

अडचण एवढीच होती की आमची आगोट सोमवारी यायची होती. तांदूळ गिरणीवरून सोमवारीच सुटणार, टेम्पोवाल्याला सोमवारचंच सांगितलेलं. म्हणजे रविवारी, वर्षाच्या शेवटच्या दिवशी, आमचं घर नेहमीप्रमाणे अगदी लखलखीत रिकामं असणार. शनिवारी आत्या आली, मागच्या खोलीत गेली, एकेका ड्रमची कडी काढून आत डोकावली आणि तिथेच खाली बसली.

"गो वयनी, या घरात उंदीर तरी कसे जगतात?"

"उंदीर नायत आमच्याकडं," आई अभिमानाने म्हणाली.

"ते नायतच. ते उपाशी मेले," आत्या म्हणाली. "उद्या ती कोळगावची येनार. मानसं पोरीला पुढं बगतात नि घर मागं बगतात, तुला काय म्हाईत नाय? ती पयली सैपाकघरात शिरेल. झाकनं उघडून बगेल. आधीच तुझं नाव चिकट. रिकामे डबे बगून काय बोलेल? पोर उपाशी घरातली हाय, अंगात जीव नाय, सोयरीक नको."

आई म्हणाली की वर्षाच्या शेवटी डबे रिकामेच असतात, ते भरलेले असले तर चुकलं म्हणायचं. आत्या म्हणाली, हे तू तिला समजावून सांगेपर्यंत ती पालघर स्टेशनला पोचलेली असेल. आईने पडद्याकडे पाहिलं. पडद्याखाली सुमनची पावलं दिसत होती, एकावर एक ठेवलेली. आणि मग आई, मला वाटतं आयुष्यात पहिल्यांदाच, आपल्या मापाविरुद्ध गेली. "कर तुला काय करायचं ते," ती आत्याला म्हणाली.

आत्याने जे केलं त्याला तोड नव्हती. रविवारी सकाळी वडील आणि मी भाताच्या गिरणीवरून तुसाची पोती आणली. तूस फुकट मिळतो. भाताची वरची फोलपटं, विटा भाजायला नेतात ती. चारी ड्रम तुसाने गळ्यापर्यंत भरले. त्यावर गोणपाटाचा तुकडा आणि त्यावर चार बोटं तांदळाचा थर. तांदूळ भाभींचे. भाभींनी ते आनंदाने दिले, फक्त एवढंच म्हणाल्या, "दीदी, लौटाते वक्त अपनी मुट्ठी से मत नापना." बोंबलांच्या जुड्या दोन घरांतून आल्या, कांद्याच्या माळा तीन घरांतून. दुपारपर्यंत आमचं स्वयंपाकघर चिंचणीच्या एखाद्या सावकाराचं असावं तसं दिसायला लागलं. वडील सारखे आत येऊन बघून जात होते. शेवटी न राहवून म्हणाले, "किती बरं वाटतं नाय?" आईने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते पुढच्या खोलीत जाऊन टेबलफॅन पुसत बसले. हा फॅन वडलांना कंपनीतून बक्षीस मिळालेला होता. घरच्यांसाठी तो पहिल्या आकड्यावर चालायचा. पाहुण्यांसाठी त्या दिवशी तो तिसऱ्यावर लावला, तेव्हा आम्हाला कळलं की त्याला तिसराही आकडा आहे.

पाहुणे आले. रमेशचे वडील अबोल, टोपी मांडीवर ठेवून बसणारे. रमेश नवीन शर्टात, घामाघूम. आणि त्याची आई. बारीक, काटक, उन्हाने रापलेली, हातांना चिखलात काम करणाऱ्या बायकांचे असतात तसे घट्टे. तिने आल्याआल्या फॅनकडे पाहिलं, आम्हा सगळ्यांकडे पाहिलं आणि फारसं काही न बोलता बसली. सुमनने चहा आणला, सोबत सोललेले चिकू. चहा आणि चिकू एवढंच, कारण आमच्यात मुलगी बघायला आलेली माणसं गोड घेतात पण मीठ घातलेलं काही तोंडात घालत नाहीत. मुलीच्या घरचं मीठ खाल्लं की सोयरीक पक्की झाली, मग मागे फिरता येत नाही. रमेशच्या आईने सुमनला नाव विचारलं, काम विचारलं, हात पुढे करायला सांगून तळवे बघितले. आगोट आली का, असंही विचारलं, आणि वडील 'उद्या येनार' म्हणून मोकळे झाले. मग चहा तसाच ठेवून उठली. "घर बगते," म्हणाली, आणि थेट पडदा सारून आत गेली. आत्याने आईला डोळ्यांनी 'बघ, सांगितलं नव्हतं?' असं विचारलं.

आतून आवाज येऊ लागले. खट्ट. थोडा वेळ शांत. पुन्हा खट्ट. मी पडद्याच्या फटीतून बघत होते. प्रत्येक झाकणाबरोबर आत्याचा चेहरा फुलायला हवा होता, आणि बाहेर तो फुलतही होता. पण आत रमेशच्या आईचा चेहरा मात्र उतरत चालला होता. चौथा ड्रम तिने उघडला, तांदळाकडे पाहिलं, बोंबलांच्या जुड्यांकडे पाहिलं, वर मान करून कांद्याच्या माळा पाहिल्या, आणि हळूच 'च्यक' केलं. मला वाटलं, हिने ओळखलं. पण तिने तांदळाला हातही लावला नव्हता.

ती बाहेर येऊन बसली. चहावर साय धरली होती.

"पोरगी चांगली हाय," ती म्हणाली. "पन आमचं नाय जमायचं."

सुमन ट्रे घेऊन भिंतीशी उभी होती. रमेश म्हणाला, "आई..." आणि थांबला.

"का वो?" आत्या म्हणाली. "काय कमी दिसलं तुमाला?"

"कमी नाय. जास्ती दिसलं." रमेशच्या आईने आमच्या आईकडे बघत, रागाने नव्हे, समजावून सांगावं तसं सांगितलं. "वैशाख सरला. पाऊस दाराशी आला. नवी आगोट उद्या यायची म्हनता. नि तुमचे डबे गळ्यापोत भरलेले. वरसाचं धान्य वरसाला सरलं नाय, म्हंजे दोनातली एक गोष्ट. एक तर तुमी घरातल्या मानसांना पोटभर घालत नाय. नायतर घरात किती लागतं तेच तुमाला म्हाईत नाय. आमची शेती पावसावरची. जे पिकतं त्यात बारा म्हयने काढायचे असतात. माझ्याकडं श्रीमंती नाय, माप हाय. जिच्या आईला माप कळत नाय, ती पोर आमच्या घरात येऊन रडेल नि आमालापन रडवेल. राग धरू नका."

लोकांनी आईला चिकट म्हटलं होतं, चिंगूस म्हटलं होतं, आणि ती हसली होती. पण आईला माप कळत नाही असं अख्ख्या बोईसर-तारापुरात कुणी कधी म्हटलं नव्हतं. तिचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. आत्या घाईघाईने म्हणाली, "अवो, देवाची किरपा म्हना, भरलेलं घर हाय..." आईने तिला हाताने थांबवलं. तिने एकदा सुमनकडे पाहिलं. सुमन रडत नव्हती, नुसती खाली बघत होती.

आई उठून आत गेली. खट्ट आवाज झाला, आणि मग गडगड. आई ड्रम बुडाच्या कडेवर फिरवत फिरवत पुढच्या खोलीत घेऊन आली. मधोमध उभा केला. तांदळाखालच्या गोणपाटाची चारी टोकं धरून तिने ते गाठोडं अलगद वर उचललं, आणि इतक्या संतापातही एक दाणा न सांडता वडलांच्या मांडीवर ठेवलं. "धरा," म्हणाली. मग तिने ड्रम दोन्ही हातांनी कवटाळला आणि सगळाच्या सगळा रमेशच्या आईपुढे पालथा केला.

फॅन तिसऱ्या आकड्यावर होता हे तिच्या लक्षात राहिलं नव्हतं. तूस आधी भसाभस जमिनीवर पडला आणि मग उठला. खोलीत काही दिसेना. चिकूंवर तूस, चहात तूस, रमेशच्या तेल लावलेल्या केसांवर तूस. रमेशच्या वडलांनी घाईने टोपी डोक्यावर घातली, ती आधीच तुसाने भरलेली होती. वडील "फॅन, फॅन!" म्हणून ओरडत होते, पण त्यांना उठता येईना, कारण मांडीवर भाभींचे तांदूळ. शेवटी मी चाचपडत जाऊन बटण बंद केलं. तूस हळूहळू खाली बसला. त्यातून आई दिसायला लागली, कमरेवर हात ठेवून उभी.

"हे बगा माझं माप," ती म्हणाली. "हा तूस हाय. आज सकाळी गिरनीवरून आनलाय. ते तांदूळ शेजारनीचे. बोंबील मागून आनलेले, कांदे मागून आनलेले. माझे डबे दर वरसाला आजच्या दिवशी रिकामे होतात. उद्या माझी आगोट येनार. लगीन झाल्यापासून एकदापन उरलं नाय नि एकदापन कमी पडलं नाय. तुमी मला खोटारडी म्हना, चालेल. चिकट म्हना. पन मला माप कळत नाय असं म्हनू नका."

"घालवलीस गो," आत्या कपाळाला हात लावून म्हणाली. "हाताने पोरीला घरात बसवलीस."

रमेशच्या आईने जिभेवरचा तूस बोटाने काढला. बोटावर धरून नीट पाहिला. मग विचारलं, "नि आजचं?"

आईला पहिल्यांदा कळलं नाही. मग ती आत जाऊन एक छोटा डबा घेऊन आली. त्यात संध्याकाळचे तांदूळ होते, वर्षाचे शेवटचे. रमेशच्या आईने आत हात घातला, मूठ भरली, सोडली, पुन्हा भरली. ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटली.

"चार मानसं?"

"चार."

"बरोबर हाय," ती म्हणाली. तिने डबा आईच्या हातात दिला, पण सोडला नाही. "नि पावना आला तर?"

आमच्या घरी पाहुणा आला की आईचा नेमका कसलातरी उपास असायचा. कधी सोमवार, कधी शनिवार, कधी कुठल्यातरी देवीला बोललेला नवस. सुमन आणि मी तिला फार देवभोळी समजायचो; आमचे वडील तर चारचौघांत तिच्या उपासांचं कौतुक करायचे.

"पावना आला की माझा उपास असतो," आई म्हणाली, अगदी हळू.

रमेशची आई तिच्याकडे बघत राहिली. दोघींच्या हातात तो एकच डबा होता.

"माझापन," ती म्हणाली.

वडलांनी मान वर केली. पलीकडे रमेशच्या वडलांनी टोपी काढली आणि तिच्यातला तूस न झटकता ती हातात फिरवत राहिले. सुमनने ट्रे खाली ठेवला. इतकी वर्षं किती पाहुणे आले असतील, मामा आले, आत्या आली, माझ्या मैत्रिणी आल्या, आणि प्रत्येक वेळी आई हसत हसत सगळ्यांना वाढत होती, हे सगळं मला एकामागून एक आठवायला लागलं. मला आईचा राग आला, आणि तिला घट्ट धरून ठेवावंसंही वाटलं. दोन्हीतलं काहीच मी केलं नाही. आमच्या घरात तशी पद्धत नव्हती.

"टाका भात," रमेशची आई म्हणाली. "आज तुमचा उपास नाय नि माझापन नाय."

आई तिथेच उभी. तिला हे ऐकू आलं होतं पण समजत नव्हतं. आत्याला मात्र लगेच समजलं. ती कपाळावरचा हात काढून ताडकन उठली. "मीठ घाल गो त्याच्यात!" ती ओरडली. "आधी मीठ घाल! ती नाय म्हनायच्या आत मीठ घाल!" रमेश हसला, मग सुमनकडे बघून लाजला, आणि लाजताना त्याच्या केसांतला तूस नाकावर घरंगळला. भाभी एव्हाना दारात आल्या होत्या. ओळीतल्या सगळ्याच आल्या होत्या. आई वडलांपुढे बसली. त्यांच्या मांडीवरच्या गोणपाटातून तिने एक मूठ काढून पातेल्यात टाकली. दुसरी काढली. तिसरी काढताना तिचा हात थांबला. मग तिने गोणपाटाची टोकं धरली आणि सगळेच तांदूळ पातेल्यात ओतले.

"अरे दीदी," भाभी दारातून म्हणाल्या, "पूरा?"

खोली झाडायला कुणाला सवडच झाली नाही. मागून आणलेले बोंबील भाजले, मागून आणलेले कांदे फोडले, आणि आम्ही सगळे तुसातच ताटं घेऊन बसलो, भाभीसुद्धा. सुमन वाढत होती, तिच्या त्या उधळ्या मुठीने. आई रमेशच्या आईच्या शेजारी मांडीला मांडी लावून बसली होती. पहिला भात दोघींनी बोलता बोलता संपवला. सुमन पुन्हा भात घेऊन आली तेव्हा मी आईकडे बघत होते. आईने सवयीने ताटावर हात आडवा धरला. रमेशच्या आईने तो मनगटाला धरून बाजूला केला, आणि त्या दिवशी मी आईला पहिल्यांदा दुसऱ्या वेळचा भात वाढून घेताना पाहिलं.